मोटर बंद झाली आहे

फोन आला तेव्हा शिवप्रकाश खुशीत होता, आणि पुढे कितीतरी वेळ त्याला नेमकी हीच गोष्ट सगळ्यात जास्त खुपत राहिली. परभणीच्या वसमत रोडवरच्या फ्लॅटमध्ये, दुपारचे पडदे ओढून, कूलरच्या झोतात पाय सोडून तो स्वतःच्याच डेटाबेसची शर्यत लावून बसला होता. जुनी आवृत्ती एकीकडे, नवी एकीकडे, दोघींना सारख्याच लाखो नोंदी लिहायला दिलेल्या, आणि नवी जुनीला पार मागे टाकून पळत होती. असं झालं की माणूस एकटाच हसतो. तोही हसला. टेबलावर बोटांनी ठेका धरला. आतल्या खोलीत हाक मारून त्रिवेणीला सांगावं असंही त्याला वाटलं. पण असल्या बातम्यांचं बायकोला कितपत कौतुक असतं ते त्याला लग्नापासून ठाऊक होतं. तेवढ्यात थोरल्या भावाचा, महारुद्रचा फोन वाजला. शेतावरून फोन म्हणजे खताचं पोतं नाहीतर कुणाचं तरी लग्न, अशा बेफिकिरीने त्याने तो उचलला.

"शिवा, आप्पाला करंट लागला."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? हिरीवर वायर जोडायलते. लाईट आली अन् मोटर चालू झाली. लांब फेकल्या गेले. जीव हाय. गाडीत घातलंय, पोखर्णी सोडली आमी. तू दवाखान्यात थांब."

"मोटर चालू कशी झाली?"

 महारुद्र म्हणाला, "ते तूच सांग ना बाबा," आणि फोन बंद झाला.

त्रिवेणी दारात उभी होती. तिने फक्त त्याचाच प्रश्न ऐकला होता, आणि तिला वाटलं, शेतातली मोटर बिघडली. त्याने तिला सांगितलं, तशी ती मटकन पलंगावर बसली. "कसे आहेत आप्पा?" तिने विचारलं, आणि शिवप्रकाशच्या लक्षात आलं की हा प्रश्न आपण विचारलाच नाही. बाप गाडीत आडवा पडलाय आणि आपल्या तोंडातून पहिला शब्द निघाला तो मोटर. शरमेने त्याचे कान तापले. पण शरमेच्याही खाली, अगदी तळाशी, दुसरंच काहीतरी हललं होतं, आणि त्याकडे बघायची त्याची छाती होईना. स्कूटरवर उन्हाच्या झळा तोंडावर येत होत्या. उड्डाणपुलाखाली रसवंतीवाल्याने घुंगरांचं चाक फिरवलं, तर तो एवढा दचकला की मागे बसलेल्या त्रिवेणीने त्याचा खांदा घट्ट धरला.

नात्यागोत्यात 'शिवा काय करतो' याचं उत्तर 'कॉम्प्युटरमध्ये असतो' एवढंच होतं, जसा काही तो त्या पेटीत बसूनच भाकरी खातो. खरं सांगायला गेलं तर कोणी ऐकून घेत नसे. डेटाबेस म्हटला की लोकांना मोठं प्रकरण वाटतं, आणि मोठे डेटाबेस असतातही तसेच, तहसील कचेरीसारखे. वेगळी इमारत, अर्ज द्या, रांगेत थांबा, आतून कोणीतरी कागद शोधून आणणार. शिवप्रकाशचा डेटाबेस तसा नव्हता. तो सी भाषेत लिहिलेला, एवढासा, आणि दुसऱ्याच्या प्रोग्रॅमच्या पोटातच राहणारा. स्वयंपाकघरातल्या फडताळासारखा, हात लांबवला की डबा हातात. ना रांग, ना कारकून. पुण्यातली बारा वर्षांची नोकरी सोडून तो परभणीला आला तो ह्याच एका वेडापायी, आणि पुण्याच्या एका लहानशा कंपनीने ते वेड उचलून आपल्या स्टार्टरमध्ये बसवलं तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं होतं. मोटरीचा स्टार्टर. शेतकऱ्याने घरबसल्या त्याला फोन लावायचा, एक दाबलं की मोटर चालू, शून्य दाबलं की बंद, आणि पेटीतून एक बाई बोलून तसं सांगणार. लाईट गेली आणि पुन्हा आली, की पेटी आपल्या आठवणीत बघणार: मोटर चालू होती का बंद? चालू असेल तर आपली आपण चालू करणार, बंद असेल तर गप्प बसणार. अपरात्री थ्री फेज आली म्हणून कोणी रानात पळायला नको. त्या पेटीला एवढीच एक गोष्ट लक्षात ठेवायची होती, आणि ती लक्षात ठेवणारा शिवप्रकाशचा डेटाबेस होता.

दवाखान्यात आप्पांना त्याने पाहिलं ते पांढऱ्या चादरीवर, दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या बांधलेल्या. कपाळावर सकाळच्या पूजेची विभूती अजून तशीच होती, फक्त घामाने एका बाजूला ओघळलेली. गळ्यातलं इष्टलिंग काढून ठेवा म्हणून नर्स मागे लागली होती आणि आप्पा काही केल्या काढू देत नव्हते. हे बघून शिवप्रकाशला एकदम रडू आलं. एवढा हट्ट करतात म्हणजे आप्पा शाबूत आहेत. ईसीजीची पट्टी ठीक निघाली होती. दोन दिवस नजरेखाली ठेवू, असं डॉक्टर म्हणाले होते. माय, गंगम्मा, पायाशी बसून पदराने वारा घालत होती, डोक्यावर पंखा चालू असताना.

"तू कशाला आला रे काम सोडून?" आप्पा म्हणाले.

"आप्पा, झालं काय नेमकं?"

"काय व्हायचं? जॉइंट जळालता. पानी वढता वढता मोटर गुरगुरायलती. म्या हिरीवरूनच फोन लावला, शून्य दाबलं. ती बोलली, मोटर बंद झाली आहे. मोटर थांबली बी. म्हनलं टेप गुंडाळावी. तेवढ्यात लाईटच गेली. म्हनलं आता तर लयच बरं झालं. बसलो वायर धरून." ते थांबले. "अन् मंग लाईट आली."

"तुमी शून्यच दाबलं ना?" महारुद्रने भिंतीशी उभ्या उभ्या विचारलं. त्याच्या सदऱ्याला काळी माती लागलेली होती. आप्पांना उचलून त्यानेच बांधावरून पळत आणलं होतं.

"शून्यच दाबलं. सूनबाईचा आवाज मला कळत न्हाई का? बंद झाली आहे, म्हनली."

त्रिवेणीने खाली पाहिलं. पेटीतली बाई तीच होती. कंपनीने मराठी आवाज मागितला तेव्हा शिवप्रकाशने तिला कपाटाच्या दाराआड, रजई पांघरून बोलायला लावलं होतं, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. पहिल्यांदा ती बोलली होती, 'मोटर बंद होत आहे.' पहिली पेटी आप्पांच्याच विहिरीवर लागली, आणि आप्पांना ते वाक्य मुळीच पटलं नाही. "ही नुसती व्हायलीय व्हायलीय म्हनती. अरे, झाली का न्हाई ते सांग की एकदाचं!" जेवता जेवता सगळे हसले होते. पण आप्पांचं बरोबर होतं. इतर गावांतूनही तेच आलं; 'होत आहे' ऐकून माणसांचं समाधान होईना, ती पुन्हा फोन लावत, पुन्हा शून्य दाबत. मग त्रिवेणी पुन्हा रजईत शिरली आणि म्हणाली, 'मोटर बंद झाली आहे.' कंपनीचं म्हणणं, हे वाक्य लगेच ऐकू आलं पाहिजे, बटण दाबलं की लगेच. शिवप्रकाशने ते लगेच करून दिलं होतं. त्यातच तर त्याची हातोटी होती.

महारुद्रने कॉटखालून बियाण्याची पिशवी ओढली. तिच्यात स्टार्टरची पेटी होती, वायरी तोडून आणलेली. "मोबाईल तर हिरीत गेला. ही आणलीय. बघ काय म्हनती. आप्पानं काय दाबलं ते हिच्यात असंलच की." महारुद्रच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. तो खरंच विचारत होता. घरात काहीही अडलं की शिवाला विचारायचं, शिवा सांगेल ते शेवटचं, हे तीस वर्षांपासून ठरून गेलं होतं. दहावीला तो बोर्डात आला त्या दिवसापासून.

ती पेटी मांडीवर घेऊन तो व्हरांड्याच्या टोकाला खिडकीशी बसला. लॅपटॉप स्कूटरच्या डिकीत होता. बापाला बघायला येतानाही तो आपण बरोबर घेतला, हेही त्याला आत्ताच दिसलं. झाकण उघडताना हाताला फुगलेली बॅटरी लागली, इवलीशी, भिजलेल्या हरभऱ्यासारखी टम्म. लाईट गेल्यावर पेटीला थोडा वेळ जागं ठेवायचं तिचं काम. टिनाच्या खोक्यात, भर उन्हाळ्यात, विहिरीच्या काठावर ती किती दिवस तग धरणार होती? त्याने वायर जोडली. पडद्यावर अक्षरं आली. मोटरीची शेवटची नोंद: चालू.

त्याने ती पुन्हा वाचली. आणि तेव्हा, फोन आल्यापासून तळाशी जे हलत होतं, ते वर आलं. धक्का असा नसतो की काहीतरी नवीन कळतं. धक्का असा असतो की हे आपल्याला माहीत होतं हे कळतं. लिहिणं दोन प्रकारचं असतं, एक मनात ठेवणं आणि एक लिहून ठेवणं. मनात ठेवायला काहीच वेळ लागत नाही. चिपवर पक्कं लिहायला वेळ लागतो, आणि सारखं लिहिलं तर चिप झिजते. म्हणून त्याने युक्ती केली होती, आणि त्या युक्तीवर त्याची सगळी कीर्ती उभी होती: सांगितलेलं मनात घ्यायचं, ताबडतोब 'झालं' म्हणून मोकळं व्हायचं, आणि मागाहून, काही सेकंदांनी, साठलेलं सगळं एकदम पक्कं लिहायचं. मोठमोठे लोक हेच करतात. त्याच्या माहितीपत्रकात इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलंही होतं की वीज गेल्यास शेवटचे काही क्षण हरवू शकतात. शेवटचे काही क्षण. हे वाक्य लिहिताना त्याला हरवलेल्या नोंदी दिसत होत्या, आकडे, फार तर कुणाचं तरी तापमान. त्यात बाप टेप गुंडाळताना दिसत नव्हता. आप्पांनी शून्य दाबलं. मोटर थांबली. त्रिवेणी बोलली, बंद झाली आहे. आणि हे पक्कं लिहायच्या आत लाईट गेली, बॅटरी फुगलेली, पेटी जागच्या जागी मेली. लाईट आल्यावर ती जागी झाली तेव्हा तिला तासापूर्वीची जुनी गोष्ट तेवढी, मोटर चालू, आठवत होती, आणि ती इमानाने मोटर सुरू करायला गेली.

 लहानपणी तो आप्पांबरोबर विहिरीवर जायचा तेव्हा आप्पा वायरीला बोट लावण्यापूर्वी तिन्ही फ्यूज उपसून बंडीच्या खिशात टाकायचे. लाईट गेलेली असो, ट्रान्सफॉर्मर जळालेला असो, आधी फ्यूज खिशात. चालताना ते चिनी मातीचे तुकडे खिशात खडखडत, आणि त्या आवाजावरून माय ओळखायची की मोटरीचं काम निघालंय, जेवायला उशीर होणार. पेटी लागल्यावरही ते काही दिवस तसंच करत. मग एकदा शिवप्रकाशनेच थट्टा केली, आप्पा, आता कशाला खिसे फाडून घेता? त्यावर आप्पा हसले होते, आणि गावात चार जणांना सांगितलं होतं की माझा शिवा म्हणतो फ्यूज काढायचं काम न्हाई. ती खडखड कधी बंद झाली ते कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

"काय म्हनती?" महारुद्र मागे येऊन उभा होता.

"चालू म्हणतीय," शिवप्रकाश म्हणाला.

हे खरं होतं. पेटी तेच म्हणत होती. एवढं एक वाक्य बोलून तो पुढचं बोलायला श्वास घेत होता, निदान त्याला स्वतःला तरी पुढे तसंच आठवलं; पण महारुद्रने लांब सुस्कारा सोडला, "मला वाटलंच," असं म्हणाला आणि वळून आत गेला सुद्धा. शिवप्रकाश उठला नाही. त्याने पुण्याला हरिओमला फोन लावला, कंपनीचं सगळं तोच बघायचा. एकही शब्द न खाता त्याने झालं ते सांगितलं. अनोळखी शेतकऱ्यांसाठी त्याची जीभ किती सहज चालत होती! हरिओमने पेटीचा नंबर लिहून घेतला. मग म्हणाला, "आत्ता सगळ्यांना फोन जातील. फ्यूज काढल्याशिवाय हात लावू नका म्हणून. तुमचे वडील कसे आहेत?" शिवप्रकाश म्हणाला, बरे आहेत. फोन ठेवला तर शेजारी त्रिवेणी उभी. तिने सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे आप्पांनी दाबलं होतं," ती म्हणाली. "आणि माझ्या आवाजात त्यांना सांगितलं गेलं, की झाली."

"मोटर झाली होती बंद. खोटं नव्हतं ते."

त्रिवेणी त्याच्याकडे बघत राहिली, घरात शिरलेल्या परक्या माणसाकडे बघावं तशी. "आत जा," ती म्हणाली. "आत जाऊन सांगा त्यांना आधी."

आप्पांनी शून्य दाबलंच नव्हतं, असा आत निकाल लागून गेला होता. माय बोलत होती, आता बस झालं शेत, आता मोबाईल बी नको अन् हिरीकडं पाय बी नको, साठी उलटून किती वर्षं झाली. महारुद्र खालच्या आवाजात हो हो म्हणत होता. आप्पा छताकडे बघत होते. त्यांचा चेहरा शिवप्रकाशने असा कधी पाहिला नव्हता. काहीतरी ठेवलेलं सापडत नाही आणि कुठे ठेवलं तेही आठवत नाही, तसा.

"कालचं असंल मंग ते," आप्पा स्वतःशीच म्हणाले. "काल बंद केलती तवा आयकलेलं आसन. आजचं वाटलं मला."

"आप्पा," शिवप्रकाश कॉटजवळ गेला. "आजचंच आहे ते. तुम्ही बंद केली होती मोटर. शून्यच दाबलं होतं. पेटीनं ते लिहून ठेवलं नाही. लाईट गेली आणि ती विसरली. चूक पेटीची आहे. माझी आहे."

आप्पांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत माया दाटून आली. "आरं, मघाशी तर तूच म्हनलास चालू म्हनून."

"मघाशी मी पुरतं सांगितलं नाही."

"पुरतं सांगितलं. आता माझं तोंड बघून बदलायलास." ते हसायला गेले, पण हात हलला आणि कळ आली. "तुझी पेटी किती गावांत चालायलीय? कोनाला काई झालं का? मलाच झालं. मंग इसरलं कोन, पेटी का मी?"

"पेटी, आप्पा. खरंच. शपथ घेऊ का तुमची?"

"शपथ घेऊ नको. लेकरा, म्हाताऱ्याचं मन राखायला आपल्या कामाला बट्टा लावू नये मान्सानं. वय झालं माझं. व्हतं असं. मला बी दोन-तीन महिन्यापासून वाटायलंच व्हतं." आणि मग ते एकेक आठवू लागले. परवा चष्मा देवघरात राहिला होता. पाडव्याला पाहुण्याचं नाव जिभेवर येईना झालं होतं. चप्पल बदलून आली होती मठातून. कुणाच्याही घरात घडणाऱ्या साध्या गोष्टी, पण आप्पा त्या अशा ओळीने लावत होते की ऐकणाऱ्याला पटावं, आणि माय पदर तोंडाला लावून प्रत्येकीला मान हलवत होती. शिवप्रकाश बोलत राहिला. बॅटरी दाखवली, मनात ठेवणं आणि लिहून ठेवणं समजावलं, आवाज चढला, नर्स येऊन दटावून गेली. जितकं जास्त तो सांगे तितके आप्पा जास्त प्रेमाने ऐकत. महारुद्रने शेवटी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "राहू दे ना शिवा. त्यायनी मान्य केलंय. आता कशाला तू अंगावर घेतो?" ज्या घरात त्याचा शब्द तीस वर्षं कोणी खाली पडू दिला नव्हता, त्या घरात त्याचं पहिल्यांदाच कोणी खरं मानत नव्हतं.

दिवेलागणीला राउंड आला. डॉक्टर तरुण होती, थकलेली, पण आवाज मोकळा. तिने डोळ्यांत टॉर्चचा प्रकाश टाकला, पायाचे अंगठे हलवायला लावले. मग म्हणाली, "शॉक लागलेल्या सगळ्यांनाच आम्ही विचारतो हं बाबा, घाबरायचं नाही. तुमचं नाव काय?"

आप्पांनी तोंड उघडलं. नाव त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं शिवप्रकाशला दिसलं, अगदी स्पष्ट दिसलं. आणि तिथेच ते थांबले. वार वेगळा, तारीख वेगळी, त्यावर कोणीही अडतं. पण हा माणूस पंच्याहत्तर वर्षं ज्या नावाने हाकेला उठला, ते नाव त्याने ओठांवर थोपवून धरलं.  आप्पांनी हळूच मान वळवली, शिवप्रकाशला शोधलं, आणि डॉक्टरला ऐकू जाऊ नये अशा बेताने, त्याच्याकडे बघत ते पुटपुटले, "ईश्वरअप्पा. हाय ना रे?"

 शिवप्रकाशने मान हलवली, तसा आप्पांचा जीव भांड्यात पडला. मग डॉक्टरकडे वळून, मोठ्याने, त्यांनी आपलं नाव सांगितलं.